आर्लिसने सही केली नाही

लिंडन प्रेअरीत गाडीचा भोंगा कुणी वाजवत नाही. भोंगा असतो तो दूर शेतात कापणीयंत्रावर बसलेल्या नवऱ्याला जेवायला हाक मारण्यासाठी. रस्त्यात दुसऱ्याला भोंगा देणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं. आयोवातल्या त्या मक्याच्या मुलखात माणसं मोठी भिडस्त. गावातले दोन रस्ते धान्याच्या कोठाराजवळ एकमेकांना छेदतात, तिथे चारी बाजूंना थांबण्याच्या लाल पाट्या आहेत. कायदा सोपा आहे, आधी आला तो आधी जाणार. पण आधी आलेला माणूस आधी जाईल तर शपथ. तो काचेआडून हात हलवून समोरच्याला म्हणणार, "जा तू." समोरचाही हात हलवणार, "छे छे, तुम्ही व्हा पुढे." डिसेंबरात कधीकधी दोन्ही गाड्यांच्या टपांवर बर्फ साचतं, तरी दोघांचे हात हलतच असतात.

त्याच चौकात, मका कापणीला आलेला असताना, एका शनिवारी सकाळी हार्लन एंगेनने आपल्या पिकअपने ब्रिटाच्या गाडीला ठोकर दिली.

ठोकर हार्लनने दिली. हे वाक्य गावात उच्चारणारं एकच माणूस होतं, आर्लिस टॉलेफसन. ती ब्रिटाची आजी आणि हार्लनची सख्खी धाकटी बहीण.

आर्लिसने पंचाहत्तरी गाठलेली. उंच, हाडापेराने मजबूत, मनगटं पुरुषासारखी. उमेदीची सगळी वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, त्यामुळे निम्म्या गावाला तिने कधी ना कधी "वाटाणे टाकायचे नाहीत" म्हणून दटावलेलं आहे. नवरा ऑर्व्हिल जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा लाइल, सून टॅमी आणि नात ब्रिटा तिच्याच घरात राहतात आणि घरातल्या सगळ्या गाड्या एकाच विम्यावर आहेत. ती पॉलिसी ऑर्व्हिलच्या मागे आर्लिसच्या नावावर आली. शेती लाइल बघतो, टॅमी जिल्ह्याच्या इस्पितळात नोकरी करते, पण विम्यावर कुणाचं नाव चढायचं आणि कुणाचं उतरायचं हे मात्र आर्लिसच्या सहीवाचून होत नाही. ही गोष्ट त्या सहीची आहे.

गाडी आर्लिसला सुखासुखी मिळाली नव्हती. हार्लन तिच्याहून सात वर्षांनी मोठा. तो सोळा वर्षांचा झाला त्याच आठवड्यात वडिलांनी त्याचं नाव विम्यावर चढवलं. महिन्याभरात त्याने फाटकाचा खांब आडवा केला. वडील म्हणाले, खांबच चुकीच्या जागी होता. आर्लिसला सोळावं लागलं तेव्हा त्या वेळचा एजंट घरी कॉफी पीत बसला होता. तो म्हणाला, "मुलीचं नाव घालायला फार पडत नाही, बरं का. मुली जपून चालवतात." आर्लिस कॉफी ओतत होती. वडिलांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "कुठे जायचंय तिला?"

तिला जायचं होतं. जिल्ह्याच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिच्यासाठी एक खुर्ची ठेवलेली होती, तिथल्या बाईशी बोलणंही झालं होतं. हार्लन म्हणाला, मी सोडत जाईन की. दोन आठवडे त्याने सोडलंही. मग मका कापणीला आला. "कापणी आटपली की पुन्हा सोडतो," तो म्हणाला. कापणी आटपेपर्यंत त्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसली. आर्लिस काही बोलली नाही. त्या घरात मुली बोलत नसत आणि त्यांना कुणी विचारतही नसे.

पुढे लग्न झाल्यावर ऑर्व्हिलने तिला कापलेल्या गवताच्या रानात गाडी शिकवली. तिशीला टेकता टेकता लायसन्स मिळालं. त्याच दिवशी ती एकटी गाडी घेऊन जिल्ह्याच्या गावी गेली, एका खानावळीत बसून कपभर कॉफी प्यायली आणि परत आली.

"कशाला गेली होतीस?" ऑर्व्हिलने विचारलं.

"जाता येतं का बघायला," ती म्हणाली.

त्यामुळे ब्रिटाला सोळावं लागलं आणि लायसन्स हातात आलं, तेव्हा आर्लिसने घरात कुणाला विचारलं नाही. एजंट मार्लिन स्कारच्या कचेरीत जाऊन तिने पोरीचं नाव चढवलं आणि आपली जुनी ब्यूक तिच्या हाती दिली. ब्रिटाला जिल्ह्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरकडे शनिवारचं काम मिळालं होतं. लाजरी, शाळेत कुणाशी फारसं न बोलणारी पोर, पण अडलेल्या गाईपाशी तासभर बसून तिच्याशी गप्पा मारायची. त्या कामाला जातानाच ही ठोकर झाली.

घडलं ते असं. हार्लन चौकात आधी आलेला होता. त्याने हात केला. ब्रिटाने, लहानपणापासून आजीनेच शिकवल्याप्रमाणे, उलट हात केला, तुम्ही व्हा पुढे. त्याने पुन्हा हात केला. वडीलधाऱ्या माणसाला किती ताटकळत ठेवायचं, म्हणून ती निघाली. चौक जवळजवळ ओलांडून झाला होता, तेवढ्यात हार्लनही निघाला आणि त्याचा बंपर ब्यूकच्या मागच्या दारात घुसला. लागलं कुणाला नाही. ब्रिटा खाली उतरली आणि तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "सॉरी."

हार्लनने मोठ्या मनाने तिला माफ केलं. "असू दे गं पोरी, नवीन आहेस," म्हणाला. पोलिसाला कुणी बोलावलं नाही, घरचाच मामला. लाइलने दार दुरुस्त करायचं म्हणून मार्लिनला फोन केला आणि सांगितलं, पोरीकडून चूक झाली. दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात, प्रार्थनेनंतरच्या कॉफीच्या वेळी, हार्लन लिंबाची वडी खात चारचौघांना सांगत होता, "पोर आहे, चुकायचीच. मी काही मनात ठेवलेलं नाही." चारचौघांनी माना डोलावल्या. त्या रविवारी कॉफी वाढायची पाळी आर्लिसची होती. ती किटली घेऊन हार्लनच्या कपापर्यंत आली आणि त्याचा कप न भरता पुढच्याकडे वळली. त्या तळघरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आठवड्याने लाइलने जेवणाच्या टेबलावर एक कागद आणून ठेवला. आर्लिस भट्टीतून बटाटे-खिम्याचं हॉटडिश काढत होती.

"आई, एक सही हवी होती."

"आधी खा. कागद काही निवत नाही."

पण लाइलला दम निघेना. विमा कंपनीचं म्हणणं त्याने सांगून टाकलं. तीन वर्षांत घरातला हा तिसरा क्लेम. अशाने कंपनी सगळी पॉलिसीच पुढे चालवणार नाही. एकच वाट आहे, ब्रिटाचं नाव वगळून टाकायचं. मग तिने घरातली कुठलीही गाडी चालवायची नाही, चालवली तर कंपनीचा काही संबंध नाही.

"पहिले दोन क्लेम कुणाचे?" आर्लिसने विचारलं.

"एक त्या हरणाचा."

"हरीण चालवत होतं का गाडी?"

"आई..."

"आणि दुसरा?"

"शेतकी कोऑपच्या आवारातला खांब. मागे घेताना."

"खांब मागून धावत आला असेल. आपल्या घराण्यात खांबांनी फार छळलंय पुरुषांना."

टॅमीने हसू लपवायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. लाइलने तिच्याकडे रागाने बघितलं.

"सतराव्या वर्षी ओल्सनच्या तळ्यात पिकअप घातलीस," आर्लिस म्हणाली, "ट्रॅक्टरने ओढून काढली. सीटखालून मासा निघाला होता. तेव्हा तुझं नाव कुणी वगळलं होतं का?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो. तेव्हा तू मुलगा होतास."

"आजी, करून टाक ना सही," ब्रिटा ताटाकडे बघत म्हणाली. "माझ्यामुळे सगळ्यांचा विमा कशाला घालवायचा? मला नाहीच चालवायची गाडी."

"चूक तुझी होती?"

"मी सॉरी म्हटलं ना."

"म्हटलंस ते ऐकलं. चूक तुझी होती का, ते विचारते आहे."

ब्रिटा हळूच म्हणाली, "ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, आजी."

"मी वय विचारलं नाही."

"आणि शनिवारी कामाला कशी जाणार तू?" टॅमीने लेकीला विचारलं. "माझी पाळी तर दुपारची असते."

"मी सोडीन की," लाइल म्हणाला. "तेवढी मक्याची कापणी आटपू दे. मग दर शनिवारी सोडीन."

आर्लिसने हातातला काटा खाली ठेवला. टेबलावरचा कागद उचलून तिने त्याची घडी घातली आणि ती एप्रनच्या खिशात टाकली.

"सही मिळायची नाही," ती म्हणाली.

जेवणानंतर लाइल तिच्या मागोमाग भांड्यांपाशी आला. खरं दुखणं तिथे बाहेर पडलं. हार्लन अविवाहित, त्याची जमीन लाइलच खंडाने कसत होता, आणि मार्चमध्ये करार संपत होता.

"मामाच्या नावावर चूक चढली तर त्याला पुन्हा परीक्षेला बोलावतील. लायसन्स जाईल त्याचं. मग तो मला जमीन देईल? आई, तूच सांग, पोरीने वर्ष-दोन वर्षं गाडी चालवली नाही तर काय बिघडतं?"

"चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायचं, आणि वर संन्याशालाच विचारायचं की काय बिघडतं?"

"तो चोर नाहीये. तुझा भाऊ आहे."

"म्हणून तर मी जाते. तू भांडी पूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ब्यूक घेऊन हार्लनच्या शेतावर गेली. दार अजून चेपलेलंच होतं. त्या मुलखात कुणी कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही. निदान एक बरणी, निदान चार वड्या. आर्लिस आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हाताने गेली. हार्लनने दार उघडलं आणि आधी तिच्या हातांकडे बघितलं.

"कोण गेलं?" त्याने घाबरून विचारलं.

"कुणी गेलं नाही. बाहेर ये, गाडीचं दार बघ."

"बघितलंय मी ते."

"लांबून बघितलंस. जवळून बघ."

त्याने टोपी चढवली आणि पायऱ्या उतरून आला. म्हातारा अजून ताठ होता, पण पायरीवर पाय ठेवण्याआधी ती कुठे आहे ते चाचपून बघत होता. गाडीपाशी येऊन तो खिशात हात घालून उभा राहिला.

"मागचं दार आहे हे, हार्लन. पोर चौक ओलांडून गेली होती."

"मी हात केला होता तिला."

"माहीत आहे."

"सभ्यपणाने केला होता."

"सभ्यपणाने हात केलास आणि सभ्यपणाने ठोकलंस."

"तीच सॉरी म्हणाली. मी नाही म्हणायला लावलं."

"आपल्याकडे खुर्चीला पाय लागला तरी माणसं खुर्चीला सॉरी म्हणतात. म्हणून काय सगळा दोष पायाचा?"

हार्लनने टोपी काढली, पुन्हा घातली. कोठारावरून कबुतरं उडाली, तिकडे तो बघत राहिला.

"काय म्हणणं काय आहे तुझं?"

"मार्लिनकडे जा आणि सांग. मी तिला जा म्हटलं आणि मीच निघालो. एवढंच."

"एवढंच! मग मला लायसन्सच्या कचेरीत त्या खिडकीपुढे नेऊन बसवतील, अक्षरं वाचायला लावतील. कालची कुणी पोरगी माझी परीक्षा घेणार. लायसन्स काढून घेतील. मग मी इथे काय करायचं? या वाटेवर कुत्रं फिरकत नाही. मी जायचं कसं?"

आर्लिसने त्याच्याकडे सरळ बघितलं.

"कुठे जायचंय तुला?" ती म्हणाली.

हार्लनचा चेहरा उतरला. तोही त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात होता. कॉफीत बिस्किट बुडवत बसला होता.

"साठ वर्षं झाली त्याला," तो अखेर म्हणाला. "आणि मी तुला सोडत होतो की."

"दोन आठवडे."

"मका आला होता कापायला."

"मका दर वर्षी येतो, हार्लन."

आता मात्र तो चिडला. एंगेन घराण्यातले पुरुष चिडले की आवाज चढवत नाहीत, उलट खाली आणतात. "लाइलला म्हणावं, मार्चमध्ये करार आहे. आठवण करून दे त्याला."

"त्याला कशाला, मलाच सांग ना. दे जमीन दुसऱ्याला. बाबांनी जमीन तुला दिली, गाडी तुला दिली, मी चकार शब्द काढला नाही. त्याचं मला आता वाईटही वाटत नाही. पण तुझी चूक माझ्या नातीच्या नावावर चढवायला आलास तर मी दारात आडवी पडेन. जमीन गेली तर जाऊ दे. लाइल काही उपाशी मरायचा नाही, त्याला वाटाणे खायला मी शिकवलेत."

ती गाडीत बसली. हार्लन तसाच उभा होता. निघताना, सवयीने, त्याने हात वर केला. तिने केला नाही.

तिथून ती सरळ मार्लिनच्या कचेरीत गेली. मार्लिन चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा, कुणाला दुखवायचं नाही म्हणून सदा घामेजलेला. हार्लनचा विमाही त्याच्याकडेच. आर्लिसने खिशातला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो आशेने उलगडला.

"आर्लिसकाकू, सही राहिली वाटतं. ही बघा, इथे फुली केली आहे मी."

"फुली दिसली. सही राहिलेली नाही. करणार नाही."

"काकू, कंपनीने या महिन्याअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. माझ्या हातात काही नाही हो. ब्रिटाचं म्हणणं आहे की चूक तिची. हार्लनचं म्हणणं वेगळं काही नाही."

"मार्लिन, तू रोज त्या चौकातून जातोस. हार्लन चौक कसा ओलांडतो, तुला माहीत नाही?"

मार्लिनने टेबलावरच्या पेपरमिंटच्या गोळ्यांचं भांडं उगाच तिच्याकडे सरकवलं.

"माहीत आहे," तो म्हणाला. "सगळ्यांनाच माहीत आहे, काकू."

"मग तुम्ही काय करता?"

"आम्ही जरा थांबतो. त्यांनी हात केला तरी निघत नाही. ते गेले की मग जातो."

"आणि हे त्या पोरीला कुणी सांगितलं होतं?"

मार्लिनने भांडं पुन्हा आपल्याकडे ओढलं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे सगळ्या गावाने भीड पाळली आणि भीक मागायची वेळ आली ती एका सोळा वर्षांच्या पोरीवर.

"महिनाअखेरीला मी येईन," आर्लिस उठत म्हणाली. "कंपनीला घालवायचं असेल तर आम्हा सगळ्यांना घालवू दे. चौघंही पायी चालू. एकटीला मागे ठेवणार नाही."

त्या दिवसांत घरात कुणी फारसं बोललं नाही. लाइल पहाटे मक्यात जायचा तो अंधार पडल्यावर धुळीने माखून यायचा. शनिवारी ब्रिटाने डॉक्टरकडे फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. तिने फोनवरही तीनदा सॉरी म्हटलं. आर्लिस शेजारच्या खोलीत मोजे रफू करत होती. तिने सुई बाजूला ठेवली. सॉरी म्हणायला तिनेच शिकवलं होतं. थांबायला कधी शिकवलं नव्हतं.

रविवारी चर्च सुटल्यावर तिने आवारात ब्रिटापुढे ब्यूकची किल्ली धरली.

"मी नाही चालवणार, आजी."

"अजून तुझं नाव खोडलेलं नाही. चालव."

"सगळे बघताहेत."

"बघू देत. मलाही कोणी तरी बघायला हवं होतं सोळाव्या वर्षी."

ब्रिटाला ते कळलं नाही, पण आजीचा आवाज कळला. ती चाकामागे बसली. मागे पिकअपमध्ये लाइल आणि टॅमी, त्यांच्या मागे निम्मं चर्च. सगळ्यांनाच कोठाराच्या चौकातून जायचं असतं, गावाबाहेर पडायला दुसरी वाट नाही.

हार्लन दुसऱ्या फाटकातून निघाला होता. तो वळसा घालून समोरून आला आणि चौकात त्यांच्या आधी पोचला. पाटीपाशी थांबला. ब्यूक बघितली. आणि हात केला, जा.

ब्रिटाचा पाय ब्रेकवरून उचलला जाणार, एवढ्यात आर्लिस म्हणाली, "पाळी कुणाची?"

"त्यांची."

"मग बस."

"पण ते हात करताहेत."

"करू देत. तूही हात वर करायचा नाहीस. मांडीवर ठेव दोन्ही."

ब्रिटाने हात मांडीवर ठेवले. हार्लनने पुन्हा हात केला, जरा मोठ्याने केल्यासारखा. ब्यूक हलेना. मागच्या गाड्या येऊन लागत गेल्या. उजव्या हाताच्या रस्त्यालाही दोन थांबल्या. भोंगा कुणी वाजवला नाही. लाइलने खिडकीतून डोकं काढलं आणि पुन्हा आत घेतलं. ब्रिटाचे कान लाल झाले होते.

"आजी, मला लाज वाटते आहे."

"वाटू दे. लाजेने कुणाचं दार चेपत नाही."

हार्लनने आता तिसऱ्यांदा हात वर केला, तळवा हलवून हलवून, जा, जा, जा. आणि हात तसाच हलत असताना त्याची पिकअप निघाली. सावकाश, स्वतःशीच ठरवल्यासारखी, ती पाटी सोडून पुढे आली. हात वरच. "जा, जा" चालूच. चौकाच्या बरोबर मधोमध आल्यावर त्याला रस्त्यावरचा पिवळा पट्टा आपल्या बोनेटखाली गेलेला दिसला असावा. त्याने करकचून ब्रेक दाबला.

चारी बाजूंच्या गाड्यांतून सगळं गाव बघत होतं. हार्लन मधोमध उभा होता आणि त्याचा हात अजून वर होता. तो त्या हाताकडे बघत राहिला. परक्याचा हात आपल्या खांद्याला कुणी जोडावा, तसं.

आर्लिसला काही बोलायचं नव्हतं. तिने आपल्या बाजूची काचही उतरवली नाही. काच ब्रिटाने उतरवली. तिने डोकं बाहेर काढलं, आणि त्या पोरीचा आवाज, शाळेत शेवटच्या बाकापर्यंतही न पोचणारा, चौकभर ऐकू गेला.

"हार्लन आजोबा, त्या दिवशीही असंच झालं होतं."

हार्लननेही काच उतरवली. "काय म्हणालीस?"

"म्हटलं, त्या दिवशीही असंच झालं. तुम्ही मला जा म्हणालात आणि तुम्हीच आलात. चूक माझी नव्हती."

सॉरी ती म्हणाली नाही. ओठांवर आला होता शब्द, आर्लिसने बघितला. पोरीने तो गिळला.

हार्लनने हात खाली आणला. "असं," तो म्हणाला. त्याने टोपी सरळ केली. "मग आता पाळी कुणाची?"

"तुमचीच. तुम्ही मध्येच आहात."

मागच्या कुठल्या तरी गाडीत कुणी तरी फिसकन हसलं. हार्लनने गिअर टाकला आणि तो गेला. मग ब्रिटा गेली.

सोमवारी तो मार्लिनच्या कचेरीत आला. कुणी बोलवायला गेलं नव्हतं. पिकअपचं एक चाक पदपथावर चढवून त्याने ती लावली, आत जाऊन टोपी न काढता सांगितलं, "लिही. मी तिला जा म्हटलं आणि मी निघालो. आणि हेही लिही की परीक्षेला बोलवायचं तर बोलवा, मी घाबरत नाही कुणाच्या बापाला." परीक्षा त्याने दिली. दिवसाउजेडी आणि गावापुरती गाडी चालवायची मुभा त्याला मिळाली. त्या परीक्षक मुलीशी तो अर्धा तास भांडला म्हणतात. मार्चमध्ये जमिनीचा करार लाइलच्याच नावावर झाला. सही करताना हार्लन एवढंच म्हणाला, "तुझ्या आईला विचारून आला आहेस ना?"

सगळंच काही पूर्ववत झालं नाही. चर्चच्या तळघरात आर्लिस किटली घेऊन आली की काही बायका अजून बोलणं थांबवतात. एका म्हाताऱ्या माणसाला, त्यातून सख्ख्या भावाला, चारचौघांत उघडं पाडलं, असं त्यांचं म्हणणं. आर्लिस त्यांचे कप काठोकाठ भरते आणि पुढे जाते. हार्लनचा कपही आता भरते. तो आभार मानत नाही, ती अपेक्षाही करत नाही.

त्या कापणीच्या दिवसांतच, महिनाअखेरीला, बोलल्याप्रमाणे ती मार्लिनकडे गेली. तिसरा क्लेम आता घराच्या नावावर नव्हता. पॉलिसी चालू राहणार होती. मार्लिनने नावं वाचून दाखवली. आर्लिस, लाइल, टॅमी, ब्रिटा. तिने शेवटचं नाव पुन्हा वाचायला लावलं.

"आता एवढंच राहिलं, काकू. ब्यूक मुख्यतः कोण चालवणार?"

"ब्रिटा."

"आणि कशासाठी? शाळा, नोकरी, शेती, का नुसतं फिरायला?"

"तिला जिथे जायचं असेल तिथे जायला."

मार्लिन हसला. "अहो, असा रकाना नाही यात."

"मग आखून घे," आर्लिस म्हणाली. तिने पर्स मांडीवर ठेवली, पर्सवर हात ठेवले आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसली. ती काही उठायची नाही हे कळल्यावर मार्लिनने पट्टी शोधायला ड्रॉवर उघडला.